धुऱ्यावरची हाक

ॲड. किसनराव पडघान यांची आणि माझी पहिली भेट कारंज्याच्या एसटी स्टँडसमोरच्या एका हॉटेलात झाली. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि नुकतंच बाजारातल्या मैदानावर एक भाषण ठोकून आलो होतो. विषय होता कायदा आणि गरीब. कायदा हा पैसेवाल्यांच्या दारात बांधलेला बैल आहे, अशा थाटाची वाक्यं फेकून मी भरपूर टाळ्या घेतल्या होत्या. सत्तरच्या दशकाची ती सुरुवात. आमच्या पिढीच्या घशात तेव्हा कायम अंगार असायचा. मित्र पाठ थोपटत होते, आणि शेजारच्या बाकावर एक सडपातळ गृहस्थ काळ्या कोटाची घडी मांडीवर ठेवून, बशीतून चहा पीत माझ्याकडे पाहत होते.

"बोलला झकास," ते म्हणाले. "ज्या माणसाची जमीन गेली म्हून सांगून राह्यला होता, त्याले भेटला का तू?"

"नाही. पेपरात वाचलं."

"मंग तुह्या भाषणात अन त्या कोर्टाच्या निकालात फरक काय राह्यला गा? दोघायनंबी त्याले पाह्यलं नाई."

मित्र हसले. माझे कान तापले. मी काही उलट बोलणार तोच वाशीमची गाडी लागली. ते उठले, कोट खांद्यावर टाकला आणि जाता जाता म्हणाले, "रविवारी वाशीमले ये. तथी भांडू."

मी गेलो, भांडायलाच गेलो. त्याला आता चार दशकं होत आली. ते भांडण अजून संपलेलं नाही, आणि संपू नये अशी माझी इच्छा आहे. ज्यांना आम्ही सारे दादासाहेब म्हणतो, त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात चार ओळी लिहायच्या म्हणून बसलो, तर पहिल्यांदा तो बशीतला चहाच आठवला.

दादासाहेबांचं मूळ घर आसेगावकडचं. छप्पन साली त्यांचे वडील नागपूरहून दीक्षा घेऊन परतले आणि दुसऱ्याच दिवशी मुलाला म्हणाले, "आता तू वकील हो." का, ते त्यांनी सांगितलं नाही. दादासाहेबही विचारायला थांबले नाहीत. नागपूरला कायदा शिकताना ते एका वृद्ध प्राध्यापकांच्या घरी पुस्तकं झटकण्याचं आणि लावण्याचं काम करत. त्या घरात जर्मन आणि फ्रेंच तत्त्वज्ञांचे इंग्रजी अनुवाद भिंतभर होते. झटकता झटकता दादासाहेबांनी ते उघडले आणि मग झटकणं मागे पडलं. शिकून ते निघाले तेव्हा प्राध्यापकांनी त्यातली निम्मी पुस्तकं त्यांनाच दिली. वाशीमला वकिली सुरू केली तेव्हा त्यांच्याकडे टेबल नव्हतं, पण त्या पुस्तकांच्या दोन ट्रंका होत्या. पहिले काही महिने ट्रंकांवरच टेबलाचं काम भागलं.

वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्याचाच एक तालुका होता. बाररूममध्ये दादासाहेबांना 'जर्मन वकील' म्हणत. त्यात कौतुक कमी आणि टोचणी जास्त होती. पक्षकार ओसरीवर बसलेले असत आणि दादासाहेब आत पुस्तकात बुडालेले. त्यांचे मुनशी करीमभाई हे वाशीमच्या जुन्या मुसलमान घरातले, अत्तर लावून कोर्टात येणारे आणि कुणालाही न घाबरणारे गृहस्थ. ते दारातूनच ओरडत, "साहब, हे जर्मनवाले आपल्या तारखेले हजर राहतीन का?"

"राहतीन करीमभाई," आतून आवाज येई. "पन तुमाले दिसनार नाईत."

रविवारी त्या ओसरीवर बैठक भरत असे. दोन-तीन नवे वकील, एक शाळामास्तर, नाक्यावरचे एक शिंपी, कधी खेड्यावरून आलेले पक्षकार आणि मी. दादासाहेब एखादं पान वाचत, मग पुस्तक मिटून वऱ्हाडीत सांगत. मी त्याआधी पुष्कळ वाचलं होतं, पण वाचलेलं भाषणात कसं घालावं एवढंच मला ठाऊक होतं. वाचलेलं घेऊन कोर्टाच्या पायऱ्या कशा चढायच्या, हे मी त्या ओसरीवर पाहिलं.

एकदा शिंप्यांनी विचारलं, "दादासाहेब, हे युरोपातले लोक म्हनतात तरी काय?"

दादासाहेबांनी त्यांच्या गळ्यातल्या टेपकडे बोट दाखवलं. "तुमी शिवायले बसले म्हंजे हे टेप तुमाले दिसते का? नाई दिसत. तुमाले माणसाचा खांदा दिसते. टेप तुटली का मंग दिसते, अरे, हे त नुसती पट्टी होय. आपल्या कायद्याचं उलटं हाय. त्याले पह्यले पट्टी दिसते. खांदा दिसतच नाई."

मी आज ठासून लिहितो की आपल्या लॉ कॉलेजांत हे एक वाक्य शिकवलं असतं तरी या देशातल्या निम्म्या निकालांचा चेहरा बदलला असता. आपण मुलांना कलमं पाठ करायला लावतो. कलम वाचणारा माणूस कोरा नसतो, तो आपलं घर, आपली जात, आपली शाळा घेऊनच वाचतो, हे त्यांना कोणी सांगत नाही. युरोपातल्या त्या विचारवंतांनी हेच तर उकलून दाखवलं: अर्थ शब्दात ठेवलेला नसतो, तो शब्द ज्या जगण्यात बोलला जातो तिथं असतो, आणि ज्याचं जगणं न्यायाधीशाला ठाऊक नाही, त्याचा शब्द न्यायाधीशाच्या कानात शिरतानाच दुसरा होतो. हे सगळं पुस्तकी वाटेल. मलाही वाटलं होतं. पुढं देवकाबाईंचा खटला आला आणि माझं मत बदललं.

आसेगावकडच्या एका लहान गावात बौद्धांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नाल्यापलीकडे होती. वस्तीतून शेलूबाजारच्या रस्त्यावर जायला एकच कोरडी वाट होती. ती पाटलांच्या शेताच्या धुऱ्यावरून जायची. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. दोन माणसं जोडीनं चालतील एवढा रुंद, दोन्हीकडे गवत, मध्ये पायांनी गुळगुळीत झालेली माती. थोरले पाटील वारले आणि धाकट्या पाटलांनी धुरा नांगरून शेतात घ्यायचं ठरवलं. त्यांनी वाटेवर बाभळीचे काटे टाकले.

पावसाळ्यात नाल्याला पूर आला की वस्ती तुटायची. आदल्या वर्षी अशाच पुरात देवकाबाई इंगळे यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या. माणसांनी खाट डोक्यावर घेतली आणि काटे बाजूला करत, पाय रक्ताळत तिला रस्त्यावर नेलं. त्यात फार वेळ गेला. सून वाचली, बाळ वाचलं नाही. खटला उभा राहिला तेव्हा सून पुन्हा गरोदर होती आणि पावसाळा पुढे उभा होता. देवकाबाईंना कायद्याचं काहीच नको होतं. त्यांना ती वाट पाहिजे होती, श्रावणाच्या आत पाहिजे होती.

वस्तीच्या वतीनं दावा लावला तो देवकाबाईंच्याच नावानं. उन्हाळ्यात तालुक्याच्या कोर्टात त्यांची साक्ष झाली. तोवर मीही वकील झालो होतो आणि दादासाहेबांचा ज्युनियर म्हणून शेजारी बसलो होतो. पाटलांचे वकील अनुभवी होते. ते आवाज चढवत नसत, साखर घोळून विचारत.

"देवकाबाई, या धुऱ्यानं तुम्ही कधीपासून जाता?"

"लगन होऊन आली तवापासून. माही सासूबी याच वाटेनं जाये."

"जाताना शेतमालकांना काही म्हणता की नाही?"

"म्हनतो नं. हाक देतो."

"काय म्हणून हाक देता?"

"जाऊ का पाटील, म्हून."

"म्हणजे विचारल्याशिवाय तुम्ही जात नाही?"

देवकाबाईंना हा प्रश्न शिवीसारखा लागला. पदर सावरून त्या ताठ झाल्या. "नाई जी! विचारल्याबिगर काहून जाऊ? आमी का चोर हावो?"

वकीलसाहेब हसून खाली बसले. न्यायाधीशांनी लिहून घ्यायला सांगितलं: 'आम्ही मालकाची परवानगी घेऊनच ये-जा करीत होतो.' मी दादासाहेबांकडे पाहिलं. ते देवकाबाईंकडे पाहत होते.

वकील नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. दुसऱ्याच्या जमिनीवरून वाटेचा हक्क वहिवाटीनं मिळवायचा, तर वीस वर्षं उघडपणे, कोणी न अडवता, आपला हक्क समजून चालावं लागतं. परवानगी घेऊन चालणारा माणूस शंभर वर्षं चालला तरी कायद्याच्या लेखी तो पाहुणाच. देवकाबाईंनी आपला चांगुलपणा सांगितला होता आणि त्यानंच त्यांचा दावा कापला होता. कोर्टाची वेळ संपली. फेरतपासणी, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला उलटतपासणीतल्या गोष्टींचा खुलासा विचारण्याची संधी, दुसऱ्या दिवशी दुपारवर गेली.

बाहेर लिंबाखाली वस्तीची माणसं जमली. देवकाबाईंचे दीर सुदामराव चिडले होते. "वैनी, तुले कोनं सांगतलं होतं एवढं बोलाले? आमी जातो, एवढंच म्हनाचं होतं नं!"

करीमभाईंनी मध्यस्थी केली. "बाई, उद्या सांगून द्या, घाबरली होती, गलती झाली. विचारत गिचारत नव्हतो म्हना. खल्लास."

"असं कसं म्हनू?" देवकाबाई म्हणाल्या. "हाक देल्लीच नाई म्हनू? मंग मी इतके वर्स लोकाच्या वावरातून मुक्यानं, चोरावानी जात होती का? वाट जाईल त जाईल, पन मी हे नाई म्हनत."

"आन सुनेचं काय कराचं?" सुदामरावांनी विचारलं.

देवकाबाईंनी पदर कपाळावर ओढला. त्या खाली बसल्या. सगळे दादासाहेबांकडे वळले. एखादा वकील त्या वेळी काय करतो, ते मी पुढं पन्नास ठिकाणी पाहिलं आहे: साक्षीदाराला बाजूला घेतो आणि पढवतो. दादासाहेब देवकाबाईंच्या समोर मातीत उकिडवे बसले.

"तुमाले खोटं बोलाचं काम नाई," ते म्हणाले. "तुमी जे बोलल्या थे खरं हाय. थे कोर्टाले ऐकू आलं नाई, एवढंच झालं. ऐकू आननं माहं काम होय. उद्या सकाळी मी येतो. मले त्या वाटेनं घेऊन चाला."

"वाट त नकाशात हाय साहेब," सुदामराव म्हणाले.

"नकाशात रेघ हाय," दादासाहेब म्हणाले. "रेघीवरून कोनी जाते का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या गाडीनं निघालो. करीमभाई अख्ख्या रस्त्यात कुरकुरत होते की दुपारी कोर्ट आहे आणि हे साहब वावरं पाहत फिरतात. वस्तीत पोहोचलो. देवकाबाई डोक्यावर टोपली घेऊन पुढे, आम्ही मागे. धुऱ्याच्या तोंडाशी काटे होते, कडेनं एक माणूस जाईल एवढी फट होती. देवकाबाई थांबल्या, तोंडाशी हात नेला आणि लांबलचक हाक दिली, "जाऊ का हो पाटीऽऽल!" शेतात चिटपाखरू नव्हतं. हाक संपायच्या आधीच त्यांचं पाऊल पुढं पडलं होतं.

"बाई, थांबा," दादासाहेब म्हणाले. "उत्तर त आलं नाई."

देवकाबाईंनी वळून पाहिलं. शहरी माणसाची कीव करावी तसं पाहिलं. "उत्तर कायले पाह्यजे? हाक देल्ली नं."

"मंग हाक कायले देता?"

"कोनी बाई वावरात बसली असन, कोनाचे बैल बिचकन. माणूस येऊन राह्यलं हे कळाले नको का?"

मला वाटलं, झालं, हेच उत्तर कोर्टात द्यायचं. मी उत्साहानं तसं बोललोही. दादासाहेबांनी मान हलवली. "हे आपल्याच बाईनं सांगतलं. पाटलाचे वकील म्हनतीन, रात्रीतून शिकवून आनलं." ते वाटेच्या कडेला गवतात बसून राहिले. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. तेवढ्यात वस्तीच्या बाजूनं बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या. पाटलांचं दुसरं एक शेत वस्तीच्या पलीकडे होतं आणि तिकडे जायची गाडवाट वस्तीतून, अगदी घरांच्या दारांवरून जायची. गाडीवर धाकटे पाटील स्वतः बसले होते. वस्तीच्या तोंडाशी त्यांनी बैलांचा कासरा ओढला आणि हाक दिली, "येऊ का व, हाये का कोनी मोरीत?" आणि उत्तराची वाट न पाहता गाडी आत घातली.

दादासाहेब खदखदून हसले. करीमभाईंना वाटलं, उन्हाचा त्रास झाला. मलाही काही कळलं नव्हतं. दादासाहेबांनी गवत झटकलं आणि म्हणाले, "चाला, कोर्टाची वेळ झाली."

दुपारी त्यांनी देवकाबाईंना दोनच प्रश्न विचारले. शेतात कोणी नसेल तेव्हा काय करता? "मंग जाचंच. गाडी चुकन त." कधी कोणी नाही म्हटलं का? "नाई कोन म्हनन जी? वाट का नवी हाय?" पाटलांच्या वकिलांनी हात झटकले, याला काय अर्थ आहे, अशा भावानं. मग धाकटे पाटील पिंजऱ्यात आले. दादासाहेब त्यांच्याशी आदरानं बोलले. प्रतिपक्षाच्या साक्षीदाराला खाली पाडण्यासाठी बोलणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नाही.

"पाटीलसाहेब, तुमचं एक वावर वस्तीच्या पलीकडे हाय?"

"हाय."

"तथी जाची वाट वस्तीतूनच?"

"वस्तीतूनच. बापजाद्यापासून. गाडरस्ता हाय थो."

"वस्तीत शिरताना तुमी काई म्हनता का?"

"हाक देतो."

"काय म्हून?"

"येऊ का, म्हून. बाया आंगधुनं करत असतेत. एकदम गाडी घालाची का?"

"म्हंजे तुमी वस्तीची परवानगी मागता?"

पाटील भडकले. "परवानगी कायले मागू? रस्ता हाय माहा!"

आधी कोणाच्या लक्षात आलं ते सांगता येत नाही. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मग पट्टेवाला हसला. पाटलांच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. शेवटी पाटलांनाच उमगलं आणि त्यांचा चेहरा पडला. फक्त दादासाहेब हसले नाहीत. "आभारी हावो पाटीलसाहेब. तुमी खरं बोलले," असं म्हणून ते बसले.

युक्तिवादात त्यांनी एकाही युरोपीय पंडिताचं नाव घेतलं नाही. कधीच घेत नसत. ते म्हणाले, "महाराज, परवानगी तिला म्हणतात जिच्यात नाही म्हणायची सोय असते. या गावात हाकेला कोणी नाही म्हणत नाही, कारण हाक मागत नाही. ती माणूस आल्याची वर्दी देते. ज्या वाटेवर आपला हक्क आहे तिथंही इथला माणूस हाक देतो, कारण हक्क असला तरी पलीकडे दुसरा माणूस असतो हे तो विसरत नाही. या बाईंनी कोर्टाला एक रीत सांगितली. आपल्या भाषेत ती परवानगी झाली. ही चूक बाईंची नाही. आपण आपल्या कानांनी ऐकलं, त्यांच्या वाटेवरून ऐकलं नाही." आणि मग खालच्या आवाजात, "हाक दिल्यानं हक्क जात असेल, तर उद्यापासून गावानं उद्धट व्हावं असं कायदा शिकवतो, असा अर्थ होईल."

ट्रंकांतल्या त्या पुस्तकांचा उपयोग तो एवढाच आणि असा. ज्या तत्त्वज्ञांनी माणसाचा चेहरा सर्व नियमांच्या आधी येतो असं मांडलं, त्यांना आमचं गाव ठाऊक नव्हतं. पण ते वाचल्यामुळे दादासाहेब लिंबाखाली उकिडवे बसले आणि पाटलांच्या बैलगाडीची वाट पाहत गवतात थांबले. कुणी म्हणेल, हे न वाचताही एखादा हुशार वकील करू शकला असता. करू शकला असता, पण त्या दिवशी त्या कोर्टात दहा हुशार वकील होते आणि सर्वांनी 'परवानगी' हा शब्द निमूट ऐकून घेतला होता. मीही त्यांतलाच.

निकाल ज्येष्ठात लागला. वाट वस्तीची ठरली. पुढे अपिलातही तो टिकला. काटे काढायला वस्ती जमली तेव्हा आम्ही हजर होतो. धाकटे पाटील आपल्या शेतात पाठमोरे उभे होते. शेवटची फांदी बाजूला झाली. देवकाबाई धुऱ्याच्या तोंडाशी आल्या, थांबल्या आणि नेहमीसारखी हाक दिली, "जाऊ का हो पाटील?"

पाटील वळले. "जा नं व आता! कोर्टानं देल्ली नं वाट. आता कायले विचारतं?"

"मी कवा विचारलं? मी सांगून राह्यली," देवकाबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

त्या श्रावणात नाला दोनदा फुगला. दुसऱ्या पुरात सुनेला खाटेवरून धुऱ्यानं रस्त्यावर नेलं, तिथून जीपनं शेलूबाजारला. या वेळी बाळ वाचलं. मुलगा झाला.

दादासाहेबांनी सगळेच खटले जिंकले, असं लिहिलं तर तेच माझ्यावर रागावतील. पुष्कळ हरले. काही तर कोर्ट पुरेसं ऐकत नाही म्हणून भांडले आणि त्यामुळे हरले. तडजोड होत असताना एखाद्या शब्दावर अडून बसण्याची त्यांची सवय पक्षकारांना महागात पडली आहे. पण पक्षकाराला पहिल्या भेटीत मध्ये न तोडता ऐकून घ्यायचं, हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. आणि त्याआधी वहिनीसाहेब, म्हणजे दादासाहेबांच्या पत्नी, त्याला भाकर वाढायच्या. "उपाशी माणूस घाईघाईनं सांगते," त्या म्हणायच्या, "अन घाईत अर्धं ऱ्हाऊन जाते." वहिनीसाहेबांचं तत्त्वज्ञान कोणत्याही अनुवादात नव्हतं. आज त्या आपल्यात नाहीत. ही पंचाहत्तरी पाहायला त्या हव्या होत्या.

आणीबाणीत माझी भाषणं काही जणांना खपली नाहीत आणि मला काही महिने आत जावं लागलं. कारंज्याच्या अनेक मित्रांनी तेव्हा मी रस्त्यात दिसलो असतो तरी दुसरीकडे पाहिलं असतं, आणि मी त्यांना दोष देत नाही. दादासाहेब मात्र भेटीचा प्रत्येक दिवस साधून येत. एकदा त्यांनी त्या ट्रंकेतलं एक जाडजूड फ्रेंच पुस्तक, अर्थात अनुवाद, माझ्यासाठी आणलं. पहारेकऱ्यानं ते उलटंपालटं केलं आणि संशयानं विचारलं, "यात सरकारविरुद्ध काही आहे का?"

"हाय," दादासाहेब म्हणाले. "सगळ्याच सरकारायच्या विरुद्ध हाय. पन समजाले दहा वर्स लागतात."

पहारेकऱ्यानं थोडा विचार केला आणि पुस्तक आत सोडलं. मला खरोखर दहा वर्षं लागली. त्या कोठडीत मी त्यातलं निम्मंच वाचलं, पण मागच्या कोऱ्या पानावर दादासाहेबांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'बाहेर आल्यावर बोल. पण आधी ऐक.' माझी भाषणं त्यानंतर लांबीनं कमी झाली, असं लोक म्हणतात. त्याचं श्रेय कोणाचं, ते या पानावर नोंदवून ठेवतो.

आज त्या धुऱ्यावर डांबरी रस्ता आहे. वस्तीत दोन मजली घरं आहेत, त्यांत शिक्षक आहेत, बँकेत जाणारी मुलं आहेत. दादासाहेबांची नजर आता अधू झाली आहे, पुस्तक त्यांना दुसऱ्यांनी वाचून दाखवावं लागतं. गेल्या महिन्यात त्यांनी हट्ट धरला की ती वाट पुन्हा पाहायची आहे. शेलूबाजारहून आम्हाला जीपनं नेलं ते देवकाबाईंच्या त्याच नातवानं. रस्त्याच्या तोंडाशी दादासाहेबांनी गाडी थांबवायला लावली.

"दादासाहेब, सरकारी रस्ता आहे आता," नातू म्हणाला. "सरळ जाऊ."

"गाडी थांबव बापा," दादासाहेब म्हणाले. खाली उतरले, काठी टेकली, तोंडाशी हात नेला आणि त्या डांबरी रस्त्यावर, ऐन दुपारी, एक हाक दिली. दूर कुठल्याशा शेतातून एका बाईचा आवाज आला, "या नं जी!" ती कोण होती आम्हाला माहीत नाही. तिलाही आम्ही कोण ते माहीत नव्हतं. दादासाहेबांचा चेहरा उजळला आणि ते चालू लागले.

या ग्रंथात जमलेले आम्ही सारे, त्यांचे ज्युनियर, त्यांचे पक्षकार, त्यांच्या ओसरीवर भाकर खाऊन भांडलेले लोक, आज त्यांच्या दारापुढं उभे आहोत. दादासाहेब, तुमच्या डोळ्यांना आमची नजर मिळो, तुमच्या पायांना बळ राहो, शंभरीच्या पलीकडेही रविवारची बैठक भरत राहो. आम्ही येतो आहोत. विचारत नाही, सांगतो आहोत. आतून नेहमीसारखं "या" ऐकू यावं, आणखी पुष्कळ वर्षं ऐकू येत राहावं, एवढंच आमचं मागणं आहे.